गिधाडमाळावरची स्वागतकमान

“तू कुणाला सांगितलं नाहीस, हे आठ दिवसांत सिद्ध कर. नाहीतर हत्तीण इथं आणि तू वेशीबाहेर!” असं म्हणून खडकनेरच्या रणधवल महाराजांनी कासम माहुताला दरबारातून हाकललं. न केलेली गोष्ट सिद्ध कशी करायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही. अशा बारीकसारीक गोष्टींत राजे लोक लक्ष घालत नाहीत.

झालं होतं असं. महाराजांना हत्तिणीवर बसून गावांना अचानक भेट देण्याची हौस. प्रजा खरंच कशी राहते, ते त्यांना बघायचं होतं. पण हत्तीण गावात शिरायच्या आत कमान उभी, खड्डे बुजवलेले, आणि प्रधान त्र्यंबकपंत हार घेऊन हजर! “केवढा योगायोग, महाराज,” असं पंत दर वेळी म्हणत. असे लागोपाठ अकरा योगायोग झाल्यावर महाराजांना शंका आली. महाराज तसे चलाख होते.

गावाचं नाव फक्त दोघांना ठाऊक असे. सकाळी उठल्यावर महाराज फोनमधल्या यादीतून एका गावाचं नाव कॉपी करत आणि कासमच्या निरोपात पेस्ट करून पाठवत. टाइप करत नसत, कारण राजांचा अंगठा जाड. एका अक्षराला लावला की तीन उमटत. तर असे हे दोघे, आणि त्यातले एक स्वतः महाराज. मग चोर कोण, हे ठरवायला वेळ तो काय लागणार?

कासमने बावीस वर्षं चंपाकली हत्तिणीला आपल्या हाताने भाकरी भरवली होती. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. “तिच्याशिवाय मी काय करू, बेटा? मला दुसरं येतंय काय?” असं तो लेकीला, जैतूनला, म्हणाला. जैतूनला बापाकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी वैद्यांनी चंपाकलीसाठी औषध लिहून पाठवलं. दुकानदाराला कळवायला जैतूनने औषधाचं नाव कॉपी केलं आणि जाता जाता केस नीट करायला ‘आरसा’ उघडला. आरसा हे ॲप प्रधानांच्या मेहुण्याने बनवलेलं. त्यात तोंड बघता येई, मिशीला पीळ देऊन बघता येई. ते राज्यातल्या प्रत्येक फोनवर हवंच, असा पंतांचा हुकूम होता. मेहुण्याच्या हुशारीचा पंतांना भारीच अभिमान.

आरसा उघडताच पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी आली आणि गेली: ‘तुम्ही कॉपी केलेला मजकूर आरसा ॲपने घेतला.’

“तुला रे कशाला हवं हत्तिणीचं औषध?” जैतून फोनला म्हणाली. आरसा तर महाराजांच्याही फोनवर होता. ती तशीच महाराज एकटे फेऱ्या मारतात त्या बागेकडे निघाली.

“महाराज, उद्याच्या गावाचं नाव कॉपी करा, पण अब्बांना पाठवू नका. कुणालाच पाठवू नका. मग रोजच्यासारखी आरशात मिशी बघा. आणि जागा अशी निवडा, जिथं कुणीच राहत नाही.”

“कुणीच नाही, तर जायचं कशाला?”

“स्वागताला कोण येतं ते बघायला.”

दुसऱ्या दिवशी महाराजांनी ‘गिधाडमाळ’ कॉपी केलं, मिशी बघितली आणि फोन खिशात टाकला. दुपारी चंपाकली निघाली. कुठं जायचं हे कासमला माहीतच नव्हतं. महाराज बोटाने दिशा दाखवत होते आणि मागून जैतून चालत होती.

गिधाडमाळावर एरवी माणूस औषधालाही सापडत नाही. आज तिथं कमान होती. तिच्यावर ‘समस्त गिधाडमाळवासीयांतर्फे हार्दिक स्वागत’ असं लिहिलं होतं. दगडांना चुना फासला होता, बाभळींना पताका बांधल्या होत्या, आणि रोजाने आणलेले चाळीस ग्रामस्थ आपण किती सुखात आहोत ते एका सुरात सांगत होते. हार घेऊन पंत पुढे आले.

“केवढा योगायोग, महाराज!”

“पंत, या गावची लोकसंख्या किती?”

“वाढते आहे, महाराज.”

महाराज जैतूनकडे वळले. “पण मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!”

“सांगितलंत ना. आरशाला. कॉपी केलेला मजकूर म्हणजे ओसरीवर वाढून ठेवलेलं ताट, महाराज. पाहुणा तुम्ही एकच बोलावलेला असतो, पण येणारा-जाणारा कुणीही त्यात हात घालतो. फोन बिचारा तुम्हाला रोज सांगतो. खाली पट्टी येते ती वाचली नाहीत?”

“ती पट्टी?” महाराज चाचरले. चष्मा लावणं त्यांच्या घराण्यात कमीपणाचं मानत. “आम्हाला वाटायचं, आरसा आमच्या मिशीची तारीफ करतोय.”

चाळीस सुखी ग्रामस्थांना हसू आवरेना. महाराजांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, “कासम, आमचं चुकलं. चंपाकली तुझीच.” कासमने हत्तिणीच्या कानावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आणि हा आरसा आत्ता काढून टाकतो! पोरी, तू बक्षीस माग.”

“मग आरसा काढू नका, हेच बक्षीस द्या. तुमची गुपितं ताटात ठेवू नका, एवढंच. रोज एका गावाचं नाव मात्र कॉपी करा आणि मिशी बघा. दौऱ्याला जा नाहीतर जाऊ नका. तुम्ही येणार की नाही, हे पंतांना कसं कळणार? त्यांना खड्डे बुजवावेच लागतील. सुरुवात आमच्या हत्तीखान्याच्या वस्तीपासून करा. नळाला दोन वर्षं पाणी नाही.”

महाराज असे हसले, की हौद्यावरून पडायचे राहिले. हसतहसतच त्यांनी यादीत ‘हत्तीखाना वस्ती’ शोधलं, कॉपी केलं आणि आरसा उघडला.

पंतांच्या खिशातला फोन वाजला.

“काय आलंय, पंत?”

पंतांनी फोन बघितला, घाम पुसला आणि ते म्हणाले, “प्लंबर लागेल, महाराज.”