राजाचं बोरन्हाण

"खबरदार! आजपासून जुना शक कोणी तोंडातून काढला, तर थेट कोठडी!" वेळगडच्या वज्रधर राजाने दवंडी पिटवली.

झालं होतं असं, की बंदरावर राजाने सहज साल विचारलं. अरब व्यापाऱ्याने हिजरी सांगितलं, गुजराती शेठने विक्रम संवत, फिरंग्याने इसवी, आपल्या लोकांनी शालिवाहन शक. राजाच्या पोटात दुखलं! "सगळ्यांची सालं, मग माझं का नाही? आजपासून वज्रशक, वर्ष पहिलं! त्याआधी काळच नव्हता!"

आता बाळंभट गुरुजींच्या जिभेला जन्माची सवय. संक्रांतीला राजवाड्यात पूजेचा संकल्प सोडताना बोलून गेले, "शालिवाहन शके..." हातातलं पाणी ताम्हनात पडायच्या आत गुरुजी कोठडीत!

त्यांची लेक द्वारकी धावत दरबारात गेली. "महाराज, आबांना दमा आहे. त्या गारठ्यात ते टिकायचे नाहीत. सोडा त्यांना!"

"सोडतो की!" राजा मिशीला पीळ देत म्हणाला. "ज्या दिवशी माझ्या तोंडून जुना शक निघेल, त्या दिवशी!"

द्वारकी रडत बसली नाही. तडक राणीसाहेबांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी लागली. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला!

दुसऱ्या दिवशी भर दरबारात बायकांचा घोळका हजर. कोणाच्या हातात काळं झबलं, कोणाच्या हलव्याचे दागिने. राजा "काय हे?" म्हणेपर्यंत द्वारकीने त्याच्या डोक्यावर सूपभर बोरं, चुरमुरे नि उसाचे करवे ओतलेसुद्धा!

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"बोरन्हाण आहे, महाराज! पहिलीच संक्रांत ना तुमची? अहो काकू, झबलं आणा इकडे, बाळाला दृष्ट लागेल!"

"बाळ? चाळिशी उलटली माझी!"

"ती कशी काय? वर्ष तर पहिलंच चालू आहे, आणि त्याआधी काळच नव्हता. मग जन्मलात कधी?"

"कधी म्हणजे? शालिवाहन शके पंधराशे दहा, पौष..." आणि राजाने जीभ चावली.

एवढ्यात राजाच्या दाढीतून एक बोर टुणकन खाली पडलं, आणि राजा असा हसत सुटला, की सिंहासन गदगदलं.

"जिंकलीस पोरी! सोडा गुरुजींना, पालखीतून घरी पोचवा! आणखी काय हवं ते माग!"

"मग ज्याचं साल त्याला राहू द्या, महाराज. नवं वर्ष लागलं की अरब खजूर देतो, शेठ मिठाई, फिरंगी केक. सगळ्यांचं एकच वर्ष केलंत, तर गोड खायचं एकदाच!"

"अरे बाप रे! हा तोटा प्रधानाने सांगितलाच नाही मला!" राजा पोट धरून हसला, आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने द्वारकीच्या हातावर ठेवला.