कॅरियर काढलेली गाडी

कोकणातल्या एका लहान गावी एक वृद्ध शिक्षक राहत. त्यांची विद्या शाळेत शिकवली जाणारी नव्हती. शीड लावलेल्या फळीवर उभे राहून, वारा दोन्ही हातांनी तोलत समुद्रावर कसे जावे, हे ते शिकवीत. विंडसर्फिंग हा शब्द आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता, तेव्हापासून त्यांचे हे काम चालू होते. शिष्य त्यांना नुसते 'सर' म्हणत.

त्यांच्या शिष्यांपैकी एक सुव्रत. सांगलीजवळ त्याचे औषधांचे दुकान होते आणि समुद्र तिथून पाच तासांवर. आठवडाभर तो काउंटरमागे उभा असे आणि रविवारी पहाटे मित्राची गाडी मागून घाट उतरे. हात चांगला होता, दमही होता. पण एक गोष्ट त्याच्या मनाला खात होती. गेल्या हंगामात सहा वेळा असे झाले की, एवढा प्रवास करून तो किनाऱ्यावर पोचला आणि वारा त्याच्या शिडाला झेपणार नाही इतका जोराचा निघाला. सहाही वेळा तो वाळूत बसून दुसऱ्यांना पाहत राहिला.

वारा जितका मोठा तितके शीड लहान, हा या विद्येचा पहिला पाठ. तेव्हा सुव्रतने सामानाचा दुसरा संच घेतला. त्यात वादळी वाऱ्यात चालणारी आखूड फळी होती, तशीच आखूड डोलकाठी आणि लहान शीड. आता दोन्ही संच एकदम नेता येतील अशी जुनी व्हॅन पाहायची होती. त्याने सरांना बोलावून घेतले.

"गाडी निवडायला तुम्हीच या, सर. मला रंग दिसतो, तुम्हाला पत्रा दिसतो."

सर एस.टी.ने आले. शहराबाहेर जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता. त्याच्या आवारात दोन व्हॅन बऱ्या वाटल्या. एक लांब आणि उंच होती, मंडपवाल्याने वापरलेली. दुसरी लहान, बेकरीचे पाव पोचवणारी. तिच्या टपावर लोखंडी कॅरियर होते. सरांनी दोन्ही गाड्यांखाली वाकून पाहिले, पत्र्यावर बोटाने वाजवून पाहिले, इंजिन चालू करून कान लावला. लांब गाडीत काहीच खोट नव्हती. किंमतही सुव्रतला झेपणारी होती. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसू लागला.

"लहान घे," सर म्हणाले.

सुव्रतला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "सर, हिच्यात दोन्ही फळ्या मावणार नाहीत. एक संच ठेवला की संपलं."

"हो."

"मग दुसरा वर बांधावा लागेल."

व्यापारी पुढे आला. "बांधा की बिनधास्त! कॅरियर एकदम मजबूत आहे. वर दोन माणसं झोपली तरी हलणार नाही."

सर त्याच्याकडे वळले. "पाना आहे का तुमच्याकडे? हे कॅरियर काढून घ्या. आम्हाला नको."

व्यापारी हसला. "आजोबा, लोक नसलेलं कॅरियर बसवून मागतात. तुम्ही पहिलेच."

सर हसले नाहीत. पान्याने एकेक नट सैल होत गेला. कॅरियर खाली उतरले आणि आवाराच्या भिंतीला टेकवले गेले. सुव्रत मान खाली घालून उभा होता. व्यापाऱ्यासमोर आपण लहान मूल ठरलो, असे त्याला वाटले.

"कारण तरी सांगा, सर."

"जे आत मावत नाही ते घरी राहू दे," सर म्हणाले. "आज एवढंच ऐक."

त्याने ऐकले, पण मनापासून नव्हे. स्टँडवर सरांना सोडताना वाकून नमस्कार केला, तोही घाईने. दुसऱ्या दिवशी नवे कॅरियर बसवून घेणे त्याला सहज शक्य होते. पण सरांच्या माघारी तसे करण्याची लाज वाटली. नेहमीचा संच गाडीत राहिला. वादळी वाऱ्याचा संच माडीवर कपाटामागे उभा राहिला.

एप्रिलमधल्या एका रविवारी तो किनाऱ्यावर पोचला, तेव्हा सकाळी वारा बेताचा होता. दुपारी तो एकाएकी वायव्येकडून उठला. वाळू गाडीच्या काचांवर आपटू लागली. समुद्र दूरवर पांढरा झाला. सुव्रतने आपले शीड गुंडाळून ठेवले आणि दार लावून गाडीत बसला.

शेजारी थांबलेल्या तिघांनी मात्र आखूड फळ्या बाहेर काढल्या. त्यांच्यातला एक ओरडून म्हणाला, "काय शेठ, आजही प्रेक्षकच का?" आणि ते पाण्यात उतरले. तासभर ते त्या लाटांवरून उडत होते. सुव्रतला त्यांच्यावरून नजर काढता येईना.

सरांचे घर जवळच होते. ते छत्री काठीसारखी टेकत आले, दार उघडून त्याच्या बाजूला बसले आणि समुद्राकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने तिघेही एकामागून एक किनाऱ्याला लागले. भिजलेले होते, थकलेले होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

इतके दिवस दाबून ठेवलेला राग सुव्रतच्या तोंडून निघाला. "पाहिलंत सर? आले ना परत तिघंही?"

"आले," सर म्हणाले. "केतकी अकरा वेळा आली होती."

हे नाव सुव्रतने पूर्वी कधी ऐकले नव्हते.

"तुझ्या आधी शिकायची माझ्याकडे. असा हात मी दुसरा पाहिला नाही. मोठा वारा सुटला की बाकीची मुलं सामान आवरायची आणि ही लहान शीड काढायची. ते शीड मीच तिला दिलं होतं, वाढदिवसाला. म्हटलं, हिला कुठल्याच वाऱ्याला नाही म्हणावं लागू नये."

बाहेर तिघेजण डोलकाठ्या सुट्या करत होते. सर त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "घरी असतो तोवर माणूस ठरवतो. इथं आल्यावर वारा ठरवतो. पाच तास गाडी हाकत आलेल्याला मागे फिरवत नाही रे. त्यात हाताशी लहान शीड असलं, की हाही वारा आपल्याचसाठी आहे असं त्याला वाटतं. तू शहाणा आहेस, माहीत आहे मला. तीही शहाणी होती. पण त्या वेळी शहाणपण जागेवर नसतं. म्हणून नकार सामानातच बांधून आणावा लागतो."

"म्हणजे या तिघांचं चुकलं?"

"मला नाही सांगता येणार. कदाचित ते आयुष्यभर असेच परत येतील."

सुव्रतने हळूच विचारले, "बाराव्या वेळी तुम्ही कुठे होता, सर?"

"इथेच. तिनं पहिली लाट ओलांडली तेव्हा टाळ्या वाजवत होतो." सरांनी काचेवरची वाळू आतून पुसण्याचा प्रयत्न केला. वाळू बाहेरच्या बाजूला होती. "फळी दुसऱ्या दिवशी सापडली. ती चौथ्या दिवशी."

दोघे संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. वारा पुन्हा बेताचा झाला, समुद्र हळूहळू आपल्या रंगावर आला. सुव्रतला पाण्यात उतरता आले असते, पण त्याने विचारले नाही आणि सरांनीही सुचवले नाही. त्याने त्यांना दाराशी सोडले आणि घाटाचा रस्ता धरला.

सरांनी आपल्याला दिलेला पाठ मुळात कोणाला द्यायचा राहून गेला होता, हे त्याला घाट चढताना उमगले.

तेव्हापासून मोठ्या वाऱ्याच्या दिवशी तो मुकाट्याने मागे फिरतो. घरी गेल्यावर फोन करतो आणि "घरी पोचलो, सर," एवढेच सांगतो. पलीकडून लगेच उत्तर येत नाही. सुव्रत घाई करत नाही. फोन कानाशी धरून थांबतो.