हेदवळच्या बांधातील खिंडार

पाहुण्यांनो, राईत शिरताना तुम्हांला बांध चढावा लागला नाही, हे तुमच्या ध्यानात आले का? चहूबाजूंनी दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध आहे, त्याबाहेर खोल चर आहे, आणि तुम्ही मात्र सपाट जमिनीवरून चालत आत आलात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी ही वाट ठेवली असावी, असे बहुतेकांना वाटते. ही वाट नव्हे. हे खिंडार आहे. हेदवळची माणसे त्याला तुळाजीचे खिंडार म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणत नाहीत.

बांध किती जुना, हे कोणालाही ठाऊक नाही. असे सांगतात की, त्या काळी हेदवळात नऊ घराणी होती. डोंगरावरून उतरणारे पाणी दरसाल गाळ घेऊन येई आणि सातेरीदेवीचा झरा बुजवून टाकी. तेव्हा देवीने गुरवाच्या मुखातून आज्ञा केली: झऱ्याभोवती मातीचा बांध घाला. प्रत्येक घराण्याने आपला वाटा आपल्या डोक्यावरून वाहावा. बैल नको, मजूर नको. बांध पुरा झाला की त्यावर झाडे लावा आणि केलेले विसरून जा. केलेले काम डोळ्यांसमोर राहिले की माणूस देवीकडे पाहायचे सोडून त्याच्याकडेच पाहत बसतो, म्हणून ही आज्ञा.

त्याप्रमाणे झाले. हेद, जांभूळ, सुरंगी, नागचाफा यांची राई उठली, वर गारंबीचे वेल चढले आणि भर दुपारी आत दिवेलागणीसारखा अंधार राहू लागला. राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. सात पिढ्या गेल्या. झाडांच्या मुळांशी माणसांनी घातलेला बांध आहे, हे गाव विसरले. ती आठवण दोनच घरांत उरली. गुरवाच्या घरात ती खरी होती. घाडग्यांच्या घरात ती त्यांना हवी तशी होती.

तुळाजी घाडगे हा हेदवळचा गावकर, म्हणजे गावाचा प्रमुख. जत्रेत देवीपुढे पहिला नारळ फोडण्याचा मान नऊ घराण्यांत पाळीपाळीने फिरे. नऊ वर्षांतून एकदा आपल्याला मान मिळतो, याचे तुळाजीला समाधान नव्हते. आठ वर्षे तो दुसऱ्यांना मिळतो, याचे दुःख होते. तांबडे पागोटे तो जेवतानाही उतरवीत नसे म्हणे. दुसऱ्याच्या हातून नारळ फुटला की त्याचे पाणी आपल्याच अंगावर उडाल्यासारखा तो मागे सरे.

त्याच्या घरात एक गोष्ट चालत आली होती. राईखाली एक प्रचंड बांध आहे आणि तो आपल्या सिदोजी नावाच्या पूर्वजाने एकट्याने घातला, अशी ती गोष्ट. लहानपणापासून ऐकलेली, म्हणून तुळाजीला ती खरी वाटे. खरी वाटण्याचे दुसरे कारण असे की, ती त्याला आवडे. एके वर्षी, मान शेजारच्या घराकडे गेल्यावर, त्याच्या मनाने घेतले की राई तोडावी. बांध उघडा पडेल, सिदोजीचे काम जगाला दिसेल, आणि मग मानाची पाळी कोण मागतो ते पाहू.

त्याने देवळात गाव जमवला. आठही मानकरी आले आणि खाली मान घालून बसले. राई त्यांना प्रिय होती. गावकराची मर्जी अधिक प्रिय होती. बोलली ती एकटी गोदूआत्या, तुळाजीच्या वडिलांची थोरली बहीण, जी म्हातारपणी माहेरी येऊन राहिली होती.

"तुळाजी," ती म्हणाली, "सिदोजीने एकट्याने डोंगर उचलला म्हणतोस. आपल्या घरात पाण्याचा तांब्या उचललेला पुरुष मी अजून पाहिला नाही."

बायका हसल्या. तुळाजी म्हणाला, "आत्या, तुम्हांला चुलीपुढचे कळते. पूर्वजांचे राहू द्या." मग त्याने झऱ्याचे पाणी मागवले आणि मानकऱ्यांकडे वळून सांगितले, "राईखाली ज्या घराचे जसे काम निघेल, तसा पहिला मान त्या घराचा. पिढ्यान्‌पिढ्या. पाणी हातात घ्या आणि देवीपुढे शब्द द्या." आठांनी शब्द दिला. नववा शब्द त्याने स्वतः दिला, सर्वांहून मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी भिवाजी गुरव त्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. देवीची पूजा भिवाजीच्या घराकडे होती. त्याने हात जोडले. "गावकर, राई राहू द्या. देवीने जे झाकले आहे, ते तुमच्या घराच्या भल्यासाठी झाकले आहे. याहून अधिक न बोलण्याची आमच्या घराला शपथ आहे."

तुळाजीने क्षणभर विचार केला, आणि विचाराअंती त्याला जे सुचायचे तेच सुचले. आठ घराण्यांनी गुरवाला फोडले. सिदोजीचे नाव मातीखालीच राहावे, अशी त्यांची इच्छा आहे. कोणी आपल्या हितासाठी आपल्या दारात येईल, ही कल्पना त्याच्या मनाला शिवलीही नाही. तो स्वतः कधी कोणाच्या दारात त्यासाठी गेला नव्हता.

"गुरवा," तो म्हणाला, "देवीला हळद लावायला तू आहेस. गाव पाहायला मी आहे."

भिवाजी परत गेला.

हेदवळच्या एकाही माणसाने कुऱ्हाड उचलली नाही. तुळाजीने घाटाखालून तोडणारे आणले. महाशिवरात्रीनंतर पहिला घाव पडला. धनेश पक्ष्यांची जोडपी घिरट्या घालून निघून गेली. झाडे पडत गेली, पाला हटला, आणि त्याखालून खरोखरच बांध वर आला. हाताने चोपलेला, गोल, सातेरीचे रूप मानून पुजतात त्या वारुळासारखा तांबडा. गाव पाहत राहिले. तुळाजी त्यावरून रोज पागोटे सावरत फिरे, जणू मातीच्या पाट्या त्यानेच वाहिल्या होत्या.

मग चिरे निघू लागले. बांधाच्या प्रत्येक तुकड्याच्या पायथ्याशी एकेक चिरा रोवलेला होता आणि त्यावर त्या त्या घराण्याची खूण कोरलेली होती: नांगर, शंख, कोयता, घट. म्हणजे बांध एकट्याचा नव्हता, हे पहिल्याच चिऱ्याने सांगितले. शहाण्या माणसाने तिथे कुऱ्हाडी थांबवल्या असत्या. तुळाजीने मनाशी ठरवले की सिदोजीचा तुकडा सर्वांत थोर असणार, आणि म्हणूनच तो शेवटी निघणार. आठ चिरे सापडले. घाडग्यांच्या तरवारीचा चिरा तेवढा राहिला. शेवटच्या भागात राई सर्वांत दाट होती. तिथे कोणी मुद्दाम खोडाला खोड भिडवून झाडे लावली असावीत, असे तोडणारे म्हणाले.

शेवटची झाडे पाडण्याच्या दिवशी तुळाजीने ढोल-सनई बोलावली, नवे पागोटे बांधले आणि गावाला समोर उभे केले. झाडे पडली. वेल ओढून काढले. तरवारीचा चिरा ताठ उभा होता. त्याच्या मागे काही नव्हते. अडतीस पावले सपाट जमीन. तिच्यावर एका पाटीचीही माती पडलेली नव्हती. वाजवावे की नाही हे ढोलवाल्यांना कळेना. मग ढोल आपोआप थांबले.

"पाण्याने वाहून गेला असेल," तुळाजी म्हणाला.

"पाण्याने सगळी माती नेली," गोदूआत्या म्हणाली, "आणि धोंडा तेवढा तुझ्यासाठी ठेवला?"

तेव्हा भिवाजी गुरव पुढे आला. राई उभी होती तोवर शपथ होती, आता ती सुटली, असे त्याने आधी देवीला सांगितले आणि मग गावाला. आठ घराण्यांनी तीन वर्षे माती वाहिली. सिदोजी छत्रीखाली उभा राहून पाहत होता. त्याचा वाटा आला तेव्हा तो म्हणाला, 'घाडग्यांचे डोके पागोट्यासाठी आहे, पाटीसाठी नाही', आणि त्याने मजूर पाठवले. देवीची आज्ञा मोडू नये म्हणून लोकांनी मजूर परत पाठवले. तो तुकडा तसाच राहिला. त्याचा चिराही उपटून टाकायला लोक निघाले, पण देवीने कौल दिला नाही. तिथे सर्वांत दाट झाडे लावा, त्यांची मुळेच माती धरतील, बापाची करणी लेकरांना दिसू नये, असे तिने सांगितले.

"देवीने तुमची लाज सात पिढ्या पानांनी झाकली," भिवाजी म्हणाला. "गावकर, ती तुम्ही तोडलीत."

आषाढात डोंगराचे पाणी आले. आठ तुकड्यांनी ते अडवले. नवव्या ठिकाणी अडवायला झाडेही उरली नव्हती. पाणी खिंडारातून शिरले, झरा बुजवला आणि खाली उतरून घाडग्यांच्या शेतात आणि माजघरात कंबरभर गाळ टाकून गेले. आठ घरांच्या उंबऱ्याला ओल लागली नाही. झरा उपसायला गावाला महिना लागला. तो महिनाभर बायकांनी नदीचे पाणी आणले आणि येता-जाता त्या तुळाजीच्या दारावरूनच गेल्या.

मग मानकरी देवळात जमले. या खेपेस त्यांच्या माना ताठ होत्या. ज्या घराचे जसे काम, तसा पहिला मान, हा शब्द देवीपुढे दिलेला होता आणि तो गावकराच्याच सांगण्यावरून दिलेला होता. त्यांनी त्यात एका अक्षराचा फरक केला नाही. जत्रेत पहिला मान घाडग्यांचा, पिढ्यान्‌पिढ्या: पागोटे उतरवून सर्वांआधी मातीची पाटी डोक्यावर घेण्याचा.

आठ तुकड्यांवर गावाने पुन्हा झाडे लावली. तुम्ही पाहता ती राई तीच. खिंडारात मात्र झाड धरत नाही. आजही जत्रेच्या सकाळी घाडग्यांचा थोरला पुरुष तरवारीच्या चिऱ्यावर पागोटे ठेवतो, चरातली माती पाटीत भरतो आणि अनवाणी खिंडारात नेऊन टाकतो. त्यानंतरच नारळ फुटतो.

तुळाजीला मात्र वर्षाकाठी एका पाटीवर सुटका नव्हती. मानकऱ्यांच्या निवाड्याप्रमाणे अडतीस पावलांचा बांध घरचे ऋण म्हणून त्याला एकट्याने पुरा करायचा होता, आणि गावातल्या कोणालाही हात लावायची मुभा नव्हती. बावीस वर्षे तो पाट्या वाहत होता. दर उन्हाळ्यात ढीग गुडघ्यापर्यंत येई, दर आषाढात पाणी तो घेऊन जाई. शेवटी मान वाकली ती सरळ होईना, आणि पागोटे डोक्यावर ठरेना. तो मेला त्या दिवशी खिंडारात घोट्याइतकीही माती नव्हती.