फुलवंताच्या बोडीला श्वास मिळाला

फुलवंता आठ वर्षांची होती. ती आणि तिची माय सयत्रा एका छोट्याशा झोपडीत राहत. घरात दोघीच. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळीही पेजच. झोपडीमागे शेजारच्या गेंदाकाकूंचं परसू होतं आणि परसात एक बोडी, म्हणजे छोटंसं तळं. त्यात चार खाटा मावल्या असत्या, एवढंच. काकूंनी ती बोडी सयत्राला वापरायला दिली होती. माय तिच्यात माशांची इवली इवली पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की विकायची. त्यावरच दोघींचं पोट चालायचं.

त्या वर्षी बोडीचं पाणी हिरवंगार झालं. वर शेवाळाची जाड साय आली, वास सुटला. रोज पहाटे चंदेरी पिल्लं वर येऊन इवलीशी तोंडं उघडत आणि मिटत. रोज दोन-चार मरून तरंगत.

गेंदाकाकू नाकाला पदर लावून आल्या.

"सयत्रा, आता नाही सहन होत. आठ दिवसांनी मातीची गाडी बोलावते. बोडी बुजवून टाकू."

माय घरात येऊन चुलीपुढे नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवंता मेलेली पिल्लं वेचायला गेली, तर शेवाळात काहीतरी निळं चमकलं. आधी तिला चतुर वाटला. वाकून पाहिलं तर बोटाएवढी परी! खंड्या पक्ष्यासारखी निळी, पंख काचेचे, पण शेवाळात पुरते चिकटलेले. फुलवंताने तिला काठच्या जांभळाच्या पानावर अलगद घेतलं, ओंजळीने स्वच्छ पाणी घालून पंख धुतले आणि उन्हात धरलं. पंख वाळेपर्यंत ती हलली नाही. पेज गार झाली तरी नाही.

परीने पंख फडफडवले. निळे, सोनेरी ठिपके हवेत उडाले.

"बाळ, तुला मी तीन इच्छा देते," परी म्हणाली. "एका दिवसाला एकच मागायची. आणि सूर्य मावळला की इच्छा संपते. त्यापलीकडे माझं काही चालत नाही."

"परीताई, आमच्या बोडीचं पाणी साफ होऊ दे!"

झुळूक आली आणि पाणी आरशासारखं झालं. फुलवंता टाळ्या पिटत नाचली. पण पिल्लं अजूनही वर येऊन तोंडं उघडत होती. आणि सूर्य मावळला तसं पाणी पुन्हा हिरवं झालं.

रात्री झोपताना फुलवंताने खूप विचार केला. सकाळी ती म्हणाली, "परीताई, पाण्याला काय होतंय ते पाण्यालाच विचारायचंय. मला त्याचं बोलणं ऐकू येऊ दे."

परी हसली. लगेच बोडीतून दमलेला, बारीक आवाज आला.

"पोरी, मला श्वास पुरत नाही गं."

"काहून?"

"जांभळाची पानं पडतात आणि तळाशी कुजतात. डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव ती खाऊन मला साफ ठेवतात. पण त्यांनाही हवा लागते. माझ्यातली हवा संपली, त्यांचं काम थांबलं. कुजका गाळ साठला आणि त्यावर शेवाळ माजलं."

"मग हवा कुठून आणू?"

"हवा तर सगळीकडे आहे. मला वर उचल आणि खाली पाड. पडताना माझ्यात हवा शिरते."

फुलवंताने आधी पोहरा घेऊन वरची शेवाळाची साय काढली. मग पाणी भरून उंचावरून धपाधप ओतायला लागली. दुपारपर्यंत हात भरून आले. पण तळाचा गाळ ढवळला गेला आणि बोडी चहासारखी गढूळ झाली! तिला रडूच आलं.

माय बाहेर आली. फुलवंताने सगळं सांगितलं. माय पाण्याकडे बघत राहिली, मग घरातून बांबूची टोपली घेऊन आली आणि जांभळाच्या फांदीला टांगली.

"वरचं वरचं पाणी घे आणि हिच्यात ओत," ती म्हणाली. "सरी बारीक पडतील. गाळ नाही उठणार."

टोपलीतून पाणी झरझर झरलं. शंभर चंदेरी धारा, हजार टपोरे थेंब, आणि पाण्यावर पांढरे पांढरे बुडबुडे!

"हं, असं," पाणी म्हणालं. सूर्य मावळला आणि त्याचा आवाज थांबला.

त्या दिवसापासून दोघी आळीपाळीने पहाटे आणि संध्याकाळी पाणी झारू लागल्या. तिसऱ्या पहाटे पिल्लं वर आलीच नाहीत. पण पाणी अजून मातकटच होतं आणि आठवा दिवस उजाडला.

परी टोपलीवर येऊन बसली. "एक इच्छा शिल्लक आहे. पाणी लख्ख करून देऊ? काकू येतायत."

फुलवंताने नाही म्हणून मान हलवली. "आज साफ, उद्या पुन्हा मातकट. ते काकूंना फसवणं झालं."

काकू आल्या. फुलवंता म्हणाली, "काकू, पाणी अजून साफ नाही झालं. पण पिल्लं मरायची थांबलीत. अजून पंधरा दिवस द्या ना!"

काकूंनी नाकावरचा पदर काढला. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"अगं, वास कुठे गेला?" त्यांनी वाकून पाण्यात हात घातला. "बरं. गाडी परत पाठवते. आणि एवढीशी पोर पाणी उपसते होय? उद्यापासून माझीही घागर आणते."

पंधरा दिवस गेले, वीस गेले. गाळ हळूहळू कमी झाला, हिरवा रंग उतरत गेला. पिल्लं बोटाएवढी झाली.

एका सकाळी परी पुन्हा आली. "माग, बाळ. शेवटची."

"परीताई, माय रोज दमते. आज दिवसभर तिला बसू दे. पाणी कोणीतरी दुसऱ्याने झारावं."

"मग मीच झारते," परी म्हणाली.

दिवसभर निळी परी भिरभिरत राहिली आणि टोपलीतून सोनेरी सरी पडत राहिल्या. माय काठावर पाय सोडून बसली, फुलवंता तिच्या मांडीवर. बाजूला काकू बोरं खात होत्या.

सूर्य मावळायला लागला तशी परी उजळत गेली. तिचा निळा रंग सोनेरी झाला आणि मग नुसता प्रकाश. तो प्रकाश पाण्यात उतरला, खाली खाली गेला, आणि पहिल्यांदाच त्या तिघींना बोडीचा तळ दिसला. तळावर माशांच्या इवल्या इवल्या सावल्या पळत होत्या.