शेजारच्या घरी कापलेलं कलिंगड

अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध अध्यापकांकडे एकदा त्यांचा तरुण शिष्य आला. विद्यापीठातून बाहेर पडताच दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या आणि उद्या उत्तर द्यायचे होते. मनात मात्र संशयाने घर केले होते.

"सर, संशोधन संस्थेत कंपन्यांचा अभ्यास करून कोणता शेअर घ्यावा हे गिऱ्हाइकांना सांगायचं. पण कंपनी दुखावू नये म्हणून सगळं गोडगोडच लिहून घेत असतील. हेज फंडात धनिकांचा पैसा आपल्याच अंदाजावर लावायचा. पगार एवढा, की कुठेतरी पाणी मुरतंय. पहिल्या चुकीला हातात नारळ देतील."

फंडाचा प्रमुख सरांचाच जुना विद्यार्थी. तेव्हा सर आपल्याला तिकडेच ढकलणार, अशीही पाल त्याच्या मनात चुकचुकली.

सरांनी सल्ला दिलाच नाही. कोपऱ्यातली दोन कलिंगडे पुढे सरकवली. "यातलं गोड कोणतं?"

यात काहीतरी डाव असणार, शिष्याला वाटले. तरी त्याने टिचक्या मारल्या, देठ पाहिले, बुडाचा पिवळा डाग निरखला आणि छोटेसे व्याख्यानच झोडले. "हे घ्या. लालबुंद निघेल."

सरांनी ते उचलून दारावरून चाललेल्या शेजारच्या बाईंच्या हातात दिले. "वहिनी, आमच्या विद्यार्थ्यानं पारखलंय. घरी न्या."

शिष्य चपापला. "सर, कापून तरी बघायचं होतं!"

"का रे? छातीठोकपणे सांगितलंस ना?" सर म्हणाले. "फंडात तुझं कलिंगड रोज तुझ्यासमोर कापलं जाईल, पांढरं निघालं तर चटका तुलाच. संशोधनात ते दुसऱ्याच्या घरी कापलं जाईल, तुला कळणारही नाही. तू संस्थेवर संशय घेतलास, फंडावर घेतलास, माझ्यावरही घेतलास. स्वतःच्या शब्दावर मात्र आत्ता घेतलास, तो दुसऱ्याच्या घरी गेल्यावर. हा संशय सोडू नकोस. तो जिकडे नेईल, तिकडे जा."

शिष्य खजील झाला. थोड्या वेळाने चपला घालून शेजारच्या दारात गेला.

"काकू, कसं निघालं?"

"गोड आहे हो."

त्याला ते खरे वाटेना. "एक फोड द्याल?"

फोड पांढरट होती. "माझी पारख चुकली, काकू," तो म्हणाला, आणि सालीवरचा तो पिवळा डाग पुन्हा निरखत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने संशोधन संस्थेला होकार कळवला. सल्ला दिला की काही महिन्यांनी तो गिऱ्हाइकाला स्वतः फोन करी, आणि 'ठीक चाललंय हो' एवढ्या उत्तरावर कधीच फोन ठेवत नसे.