धरलेलं मनगट

“...पण वस्ताद, एखादं पोर मुळातच वाया गेलेलं असतं का?”

इसाक वस्ताद तालमीच्या हौद्यातली, कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती फावड्यानं खालवर करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे दिनकर शेलार मुलांच्या सुधारगृहाचे अधीक्षक होते. चाळीस वर्षांपूर्वी याच तालमीत तयार झालेले. आता अंगात सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल. बूट मात्र त्यांनी दाराबाहेरच काढले होते. तेवढी शिस्त अजून अंगात मुरलेली होती.

“कुणाचं पोर?” वस्तादांनी विचारलं.

“मल्हारी नाव. सोळा वर्षांचा आहे. गाड्यांच्या बॅटऱ्या चोरताना सापडला आणि वर्षभर माझ्याकडे राहिला. सुतारकाम शिकला. चांगल्या वागणुकीचं पहिलं बक्षीस त्यालाच दिलं मी, माझ्या हातानं! सुटला, आणि एकोणिसाव्या दिवशी येऊन माझ्याच ऑफिसची काच फोडली. भरदुपारी. सगळ्या स्टाफसमोर नाक कापलं माझं.”

“मग आता?”

“उद्या बाल न्याय मंडळापुढं अहवाल द्यायचाय. ‘सुधारण्यापलीकडचा’ असं लिहिलं की त्याला लांब, कडक बंदोबस्तात पाठवतील. एकदाची सुटका.”

“कुणाची?”

शेलारांनी फाईल उघडली.

“पोरं का बिघडतात त्याची कारणं मला पाठ आहेत, वस्ताद. परिसंवादात निबंध वाचलाय मी यावर.”

आणि त्यांनी तो उभ्याउभ्या वाचूनही दाखवला. बाप नाही, शाळा सुटलेली, वस्तीतली संगत, हातात मोबाईल आणि पोटात भूक... निबंध खरंच चांगला होता. टाळ्या पडल्या असणार.

वस्ताद माती खणत राहिले. शेजारच्या इमारतीत नवी जिम निघाली होती. भिंतीपलीकडून गाण्याचा दणका येत होता. इकडे तालमीत एकाही खुंटीवर लंगोट नव्हता.

“अजून रोज खणता?” शेलारांनी विचारलं. “येतं कोण आता?”

“कुणी न्हाई.”

“मग?”

“माती दडपून बसली आणि एखादा आलाच, तर हाड मोडंल त्येचं.”



“तू वाचलंस त्यातलं तुला काय न्हवतं रं, दिनकर?”

“म्हणजे?”

“बाप हुता?”

“...नाही.”

“शाळा?”

“सोडली होती. पण मी तालमीत यायचो, वस्ताद.”

“यायचास कुठला! केळीवाल्याच्या गाड्याखाली लपून बसायचास. मानगूट धरून आणायचो तुला. सा म्हैनं, रोजच्या रोज.”

शेलार हसले. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

“ते पोरगं एकोणीस दिस कुठं हुतं?”

“चुलत्याकडे. चुलत्यानं कागदावर सही करून नेलं त्याला. पुढं काय ते... घरात त्याच्याशी कुणी बोलत नसावं.” शेलार जरा थांबले. “मधे चार वेळा आमच्या फाटकावर येऊन गेला. साहेबांना भेटायचंय म्हणत होता.”

“मग?”

“सुटलेल्या मुलाला आत घेता येत नाही. नियम आहे.”

“आणि सायबाला भाईर येता येत न्हाई, ह्योबी नियम हाय?”

मोठ्या हुद्द्याचा माणूस शब्दात सापडला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. शेलारांच्या झाल्या.

“काच फोडून पळाला?” वस्तादांनी विचारलं.

“नाही. पायरीवर बसून राहिला. मीच धरला त्याला. पोलीस येईपर्यंत अर्धा तास मनगट धरून उभा होतो.”

“ओढाताण केली आसंल.”

“अजिबात नाही. हूं नाही की चूं नाही. उन्हात आपला उभा राहिला माझ्याजवळ.”

“मग?”

“मग पोलीस आले. मी हात सोडला...” शेलारांनी फाईल मिटली. “तेव्हा रडायला लागला. नाटकं सगळी.”

फावडं थांबलं.

वस्तादांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ होती.

“कापडं काढ,” ते म्हणाले. “उतर हौद्यात.”

“मी? या वयात? अहो, माझ्या जोडीला आहे कोण?”

“हितं दुसरं कोण दिसतंय तुला?”

वस्तादांना नाही म्हणायची सवय शेलारांना कधीच नव्हती. सफारी खुंटीवर गेली. पन्नाशीचं सुटलेलं पोट घेऊन अधीक्षकसाहेब मातीत उतरले.

वस्तादांनी चिमूटभर माती कपाळाला लावली, मूठभर शेलारांच्या खांद्यावर टाकली. मग एक हात त्यांच्या मानेवर टाकला, दुसऱ्या हातानं दंड धरला. शेलारांनीही तसंच धरलं. पाय रोवले आणि जोर यायची वाट बघू लागले.

जोर आलाच नाही.

नुसता भार आला. म्हाताऱ्या माणसाचा, हलका. वस्तादांनी कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवलं होतं.

पलीकडचं गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

“वस्ताद, घेरी येतेय का? सोडू?”

“नगं.”

...

“पोरं यायची बंद झाली त्येला तीन वर्सं झाली, दिनकर. तवापास्नं अंगाला कुणाचा हात लागला न्हाई.”

शेलार आठ वर्षांत इकडं फिरकले नव्हते, आणि आज आले होते तेही अहवालासाठी. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या उन्हातलं पोराचं बारीक मनगट आठवलं, आणि फार एकटं वाटलं.

“वस्ताद... उद्या काय लिहू मी?”

वस्तादांनी खांद्यावरचं डोकं उचललं नाही.

“आधी त्या पोराला दोनी हातांनी धर. मग लिवायला हात मोकळा ऱ्हातोय का बघ.”