तांबटाचे तीनशे ठोके

तांबटांच्या एका आळीला एकदा साथीने असा वेढा घातला, की दिवसभर ठणठणणारे पंधरा हातोडे आठवड्याभरात गप्प झाले. कोणी तापाने अंथरूण धरले, कोणी बायकामुलांना घेऊन रानातल्या झोपड्यांत राहायला गेले. आळीत उरले दोन तांबट. एक ऐंशीच्या घरातले वृद्ध कारागीर, ज्यांना सगळे आबा म्हणत. आणि समोरच्या घरातला त्यांचा शिष्य मार्तंड. शिष्य म्हणजे कोवळे पोर नव्हे. पंचेचाळिशीचा, पंचक्रोशीत नावाजलेला गडी. पण पाच वर्षांपूर्वी संधिवाताने त्याच्या उजव्या मनगटात आणि खांद्यात मुक्काम ठोकला होता आणि हा पाहुणा काही केल्या हलायचे नाव घेत नव्हता.

साथीच्या दिवसांत जुन्या दुखण्याला कोण विचारतो? मार्तंड लेप मागायला वैद्यांकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला हाताने दारातच थांबवले.

"ताप आहे?"

"नाही. मनगट फार..."

"खोकला?"

"तोही नाही."

"मग घरी जा बाबा. इथं उभा राहिलास तर तेही मिळेल."

वैद्यांचे तरी काय चुकले? ते बिचारे तीन रात्री झोपले नव्हते. पण मार्तंड परतला तो चोरासारखा, मान खाली घालून. दुखणे होतेच, आता ते सांगण्याची लाजही वाटू लागली.

त्याच संध्याकाळी सोयराबाई त्याच्या दारात आल्या. गावाबाहेरच्या धर्मशाळेत साठ रोगी ठेवले होते आणि त्यांची शुश्रूषा सोयराबाई मूठभर माणसांच्या बळावर करीत होत्या. त्या लांबूनच म्हणाल्या, "मार्तंडभाऊ, पाणी उकळायचा हंडा बुडातून फाटला. लहान पातेल्यांत उकळून साठ माणसांना पुरत नाही. काल दोघांनी नदीचं तसंच पाणी प्यायलं आणि त्यांचा आजार बळावला. अमावास्येपर्यंत बारा घागरींचा हंडा द्याल का? दुसरं कोणी उरलंच नाही हो."

अमावास्येला महिना होता. घरात तांब्याचे पत्रे पडून होते. मार्तंडाने होकार दिला आणि मग तेच केले, जे तो पाच वर्षे करीत आला होता. पहिल्या दिवशी हात बरा होता, म्हणून पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत पाठ टेकली नाही. बायको यमुना ताट घेऊन दोनदा आली आणि दोनदा परत गेली. दुसऱ्या दिवशी हात खांद्यापासून असा धरला, की यमुनेला त्याला घास भरवावा लागला. चार दिवस तो कण्हत पडून राहिला. सहाव्या दिवशी जरा उतार पडताच, बुडालेले चार दिवस भरून काढायला पुन्हा तसाच तुटून पडला, आणि पुन्हा तसाच आडवा झाला. दहा दिवस सरले, हंड्याचे नुसते बूडही पुरे झाले नव्हते. मार्तंडाला हसण्याआधी वाचकांनी स्वतःची चौकशी करावी. अंगात जरा बळ आले की सगळे आजच उरकायचे, हा सोस फक्त तांबटांनाच असतो असे नाही.

अकराव्या दिवशी आबा तोंडाला फडके बांधून, काठी टेकत आळी ओलांडून आले. मार्तंड भिंतीकडे तोंड करून पडला होता. आबांनी कोनाड्यातली सर्वांत हलकी हातोडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"ऊठ. तीनशे ठोके. मग विसावा. दिवसातून चार वेळा."

"आबा, आज हात उचलत नाही."

"म्हणून तर हलकी दिली. बेतानं मार, हवं तर मध्ये थांब. पण तीनशे."

मार्तंड दात-ओठ खात उठला आणि कसेबसे तीनशे ठोके मारले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र हात मोकळा होता. त्याने मोठा हातोडा घेतला आणि कामाला रंग चढला. आबा समोर बसून मोजत होते. तीनशे होताच ते उठले, हातोडा काढून घेतला, पेटीत टाकला आणि किल्ली कमरेला खोवली.

मार्तंडाचा संयम सुटला. "ही कुठली रीत? उठवत नाही तेव्हा हातोडा देता, आणि हात चालायला लागला की काढून घेता? तिकडे माणसं तळमळताहेत आणि तुम्ही माझा चांगला दिवस मातीत घालताय!"

आबा रागावले नाहीत. ओट्यावर टेकून त्यांनी विचारले, "तांबं ठोकत गेलं की काय होतं?"

"कडक होतं."

"मग?"

"भट्टीत तापवून पाण्यात विझवायचं. मऊ झालं की पुन्हा ठोकायचं. हे काय नवीन विचारताय?"

"भट्टीत केव्हा घालतोस? चीर गेल्यावर?"

मार्तंडाला त्या रागातही हसू आले. "चीर गेल्यावर घालून काय करायचं? ठोक्याचा आवाज चढला की घालतो. पत्रा तेव्हा चांगला धडधाकट दिसत असतो, पण..."

बोलता बोलता तो थांबला.

"पण तेव्हाच थांबावं लागतं," आबांनी वाक्य पुरे केले. "पत्र्याच्या बाबतीत तुझा कान कधी चुकला नाही. स्वतःला मात्र चीर जाईपर्यंत बडवतोस, आणि मग चार दिवस कोपऱ्यात पडतोस. अरे, तू काम करतच नाहीस मार्तंडा. तुझं दुखणं काम करतं. ते ऊठ म्हणालं की उठतोस, पड म्हणालं की पडतोस. माझी कंबर तीस वर्षं दुखते. ती गेली नाही, जाणारही नाही. पण माझा दिवस कसा जाईल हे मी तिला ठरवू दिलं नाही."

मार्तंड मनगट चोळू लागला. मग हळूच म्हणाला, "लोक जिवाला मुकताहेत आणि मी हे दुखणं कुरवाळत बसलोय. बोलायचीही लाज वाटते."

"त्यांच्या तापानं तुझं मनगट दुखायचं थांबलं का?"

"नाही."

"मग लाज कसली? दुखतं म्हणून सांगावं, शेक घ्यावा आणि तीनशे ठोके मारावेत."

त्या दिवसापासून मार्तंडाने किल्लीसाठी हट्ट धरला नाही. वाईट दिवशी हलकी हातोडी, चांगल्या दिवशी जड. मधल्या वेळात यमुना गरम वाळूच्या पुरचुंडीने खांदा शेकी. आठवड्याने आबांनी तीनशेचे साडेतीनशे केले. बूड पुरे झाले, अंग उभे राहिले, दोन्ही जोडली गेली. अंथरुणात एकही दिवस गेला नाही. आणि अमावास्येला दोन दिवस बाकी असताना मार्तंडाने हंड्याच्या काठावर शेवटचा ठोका मारला, आत बारा घागरी पाणी ओतले आणि श्वास रोखून भोवती फिरला. थेंबही गळला नाही. तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की झोपड्यांकडून आळीत डोकावायला आलेले चार तांबट दचकले.

त्या चौघांनीच हंडा बैलगाडीत चढवला. धर्मशाळेच्या अंगणात तीन दगडांवर तो बसला, खाली जाळ झाला, आणि पाण्याला उकळी फुटली तेव्हा सोयराबाईंना रडू आवरेना.

"भाऊ, पलीकडच्या गावातही असाच हंडा हवाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण तुमचं मनगट... बरं झालं का ते?"

"नाही हो. आत्ताही ठणकतंय," मार्तंड सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाला. "पत्रे पाठवा. हंडा होईल."

"मग आजच सुरुवात करा ना. आज तर तुम्ही भलतेच खुशीत दिसताय!"

मार्तंड हसला आणि उकळत्या हंड्याजवळ ऐसपैस मांडी घालून बसला.

"म्हणूनच आज नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी. पुन्हा तीनशेपासून."